मिठाचा हात

सोयरे यायचे होते त्या दिवशी रुख्मिणीनं सगळ्यात आधी घरातलं पाणी लपवलं.

लोक दागिने लपवतात, भांडणं लपवतात, घरातलं वेडसर माणूस लपवतात. धामणखुर्दमध्ये पाणी लपवतात. माजघरातला माठ तिनं रिकामा करून उलटा घातला. बोअरच्या टाकीवर गोणपाट टाकलं. न्हाणीतल्या बादल्यांना आतून पांढरा थर धरला होता, नखानं खरवडला तरी न निघणारा. त्या बादल्या गोठ्यात नेऊन पालथ्या मारल्या. मग किशोरनं दर्यापुरातून आणलेल्या कॅना चुलीशेजारी मांडल्या. गोडं पाणी. विकतचं.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावतीकडून अकोल्याकडं जो काळ्या मातीचा पट्टा गेला आहे, त्याच्या पोटात खारं पाणी आहे. विहीर खणा, बोअर मारा, हातपंप ठोका, खारंच लागतं. डाळ त्यात शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, दुधाचा चहा ठेवला तर नासेल की काय म्हणून बाई पातेल्याजवळून हलत नाही. गावात नळ आहेत, घरोघरी. पुढाऱ्यानं नारळ फोडला आणि तोटीला हात लावून फोटो काढून घेतला. तोटीला पाणी आलं तर पंधरवड्यातून एकदा येतं. फोटो मात्र पंचायतीच्या भिंतीवर बारा महिने हसत असतो.

आणि शहरातले शहाणे सभागृहात पंखे लावून बसतात, गावं ओस का पडली म्हणून चर्चा करतात. म्हणे पोरांना कष्ट नको झाले. म्हणे मोबाईलनं नादावले. त्यातल्या एकानं यावं, इथल्या हातपंपाचं तांब्याभर पाणी उभ्यानं प्यावं आणि मग माईक हातात घ्यावा.

किशोरच्या वयाची पोरं एकेक करून गेली. कोणी चाकणला, कोणी हिंजवडीला, एक तर पार सुरतेला. पगारासाठी गेली असं सांगतात. खोटं आहे. बायकोसाठी गेली. चाकणला पत्र्याच्या खोलीत तिघांत एक पलंग वापरणाऱ्या पोराला मुलगी मिळते, आणि इथं बारा एकर काळं वावर, बी.एस्सी. ॲग्री शिकलेला, दारू-तंबाखूला न शिवणारा किशोर तेहतीस वर्षांचा होऊन बसला होता. मुलीच्या आया पहिला प्रश्न विचारायच्या, गाव कोणतं? नाव ऐकलं की दुसरा प्रश्न विचारत नव्हत्या.

"ही सोयरीक गेली तं मी बी जातो माय," त्यानं दिवाळीतच सांगून टाकलं होतं. रागानं नाही, अगदी सरळ. सरळ सांगितलं म्हणूनच रुख्मिणीला ते खरं वाटलं होतं. तिला सुनेची हौस होती, नाही असं नाही. पण तिचं खरं भय वेगळं होतं. तिच्या नवऱ्याच्या, सूर्यभानच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी त्याला अकोल्याला डायलिसिसला न्यावं लागे, आणि नेणारा एकच, किशोर. मोटारसायकलवर पुढं पोरगा, मागं बाप, बापाच्या पाठीमागून पोराच्या कमरेला रुमाल बांधलेला, झोक जाऊ नये म्हणून. किशोर गेला तर सूर्यभान किती दिवस जगेल, हा हिशेब रुख्मिणी मनातसुद्धा पुरा करत नव्हती.

डॉक्टर म्हणाला होता, पाण्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. गावात असे आणखी चार जण होते. त्यांच्याबद्दलही कोणी छातीठोक काही सांगत नव्हतं.

ही सोयरीक आणली होती खुशालरावानं. रुख्मिणीचा चुलतभाऊ, लग्नं जुळवायचा त्याला नाद. मुलगी शेंदूरजनाघाटची, माधवी, अमरावतीत एका शाळेवर शिकवणारी. तिशी लागलेली, म्हणून मुलीकडचेही थोडे खाली उतरलेले. खुशालरावानं त्यांना सांगितलं होतं, नदीकाठचं गाव आहे, घरात नळ आहे. दोन्ही गोष्टी खऱ्याच. सूर्यभानच्या आजाराचा विषय मात्र त्यानं काढलाच नव्हता. आज मुलीचे वडील घर पाहायला येणार होते.

"खुशालभाऊ, सांगून टाकू का त्याइले? उद्या कळनच," रुख्मिणीनं सकाळी पुन्हा विचारलं.

"बाई, डोकशात भुसा भरला का तुह्या? आधी कुकू लागू दे. पोट्टी आली का शिकते आपोआप. तू नाही शिकली?"

"मी तं याच पाण्यातली होती, भाऊ."

"मंग तेच तं म्हणतो मी! पाण्यानं कोनी मेलं का?" असं बोलला आणि समोर सूर्यभान बसलेला दिसल्यावर खाकरला. "भाऊ, तुमी फुल बाहीचा सदरा घाला. बटन लावा मनगटापर्यंत."

मे महिना, अंगाची लाही होणारा. पण सूर्यभानच्या डाव्या हातावर, जिथं डायलिसिसची सुई टोचत, तिथं शीर फुगून दोरखंडासारखी झाली होती. पाहणाऱ्याला एका नजरेत कळे. रुख्मिणीनं त्याला सदरा चढवला, बटणं लावली.

"नवरदेव मी हाव का किशोर?" सूर्यभान म्हणाला. "एवढं तं माह्या लग्नातबी कोनी सजवलं नव्हतं मले."

"तोंड बंद ठेवजा जरा. अन् हे पाहा, रसाले हात लावाचा नाही. वाटी समोर ठेवाची, बोट बुडवाचं, बस. खुशालभाऊ बाजूले बसतीन, ते सरकवून घेतीन."

रस म्हणजे आंब्याचा रस. मे महिन्यात सोयरे आले आणि रस-पोळी केली नाही तर तोंड दाखवायला जागा नाही. आणि डॉक्टरनं सगळ्यात आधी ज्यावर फुली मारली होती तो आंबाच. "एखादे वेळी छातीच बंद पडंल," इतकं स्वच्छ सांगितलं होतं. रुख्मिणीनं आंबे पिळताना ते वाक्य दहादा आठवलं, आणि पिळत राहिली.

सगळा स्वयंपाक तिनं कॅनच्या पाण्यात केला. जन्मात पहिल्यांदा. एरवी कॅनचं पाणी फक्त सूर्यभानच्या वाट्याचं. त्याचं वेगळं, बिनमिठाचं शिजायचं तेवढ्यापुरतं. बाकी घर बोअरवरच. आज कुकरच्या दुसऱ्या शिटीत तूरडाळ अशी विरघळली की तिला आधी वाटलं, काहीतरी चुकलं. मग हसू आलं. आलू-वांगं चढवलं, कढी उकळली, कुरड्या तळल्या. कुरड्या फाल्गुनातच करून ठेवलेल्या. चव पाहायची रीत नव्हती. आधी देवाला नैवेद्य, मग सोयऱ्याचं ताट, मग घरचे. तिनं देवापुढं ताट ठेवलं, हात जोडले आणि काही मागायचं म्हणून तोंड उघडलं. काय मागावं ते सुचेना. पोरगा राहू दे म्हणावं, तर त्यालाही हेच पाणी पाजायचं आलं. ती तशीच उठली.

सोयरे वलगाव सोडल्यावर किशोरच्या मोबाईलवर बोलले आणि अकराच्या सुमाराला दारात उतरले. मुलीचे वडील किसनराव, दणकट, मोकळ्या आवाजाचे. सोबत त्यांची थोरली भावजय पंचफुलाबाई, माधवीची मोठी माय. ती कमी बोलायची आणि जास्त पाहायची. तिनं अंगण पाहिलं, तुळस पाहिली, गोणपाटानं झाकलेली टाकी पाहिली. टाकीवर तिची नजर थोडी थांबली असं रुख्मिणीला वाटलं. चहा झाला, चांगला झाला. किसनरावांनी वावराची चौकशी केली, तूर कशी झाली, हरभरा किती. सूर्यभान ताठ बसून उत्तरं देत होता आणि त्याच्या कानशिलावरून घामाची धार कॉलरमध्ये उतरत होती.

"काढा नं सदरा, इवाई," किसनराव म्हणाले. "आपल्या घरात काय लाजता?"

"सवय हाय मले," सूर्यभान म्हणाला.

इवाई म्हणाले! आतल्या दारात उभ्या रुख्मिणीनं ते ऐकलं. लग्न ठरायच्या आधीच व्याही म्हणाले. म्हणजे मन झालं होतं. आता फक्त जेवण पार पडायचं होतं.

पुरुषांची ताटं बैठकीत मांडली, वाढायला किशोर. पंचफुलाबाईचं ताट आत, स्वयंपाकघरातच, रुख्मिणीसमोर. पंचफुलाबाईनं वरणभात कालवला, एक घास घेतला. थांबली. भाजीचा घास घेतला. कढीचा घोट घेतला. मग कुरडई मोडून तोंडात टाकली आणि ती मात्र सावकाश, डोळे बारीक करून चावली.

तेवढ्यात किशोर आत आला. "माय, मीठ दे."

"कायले?"

"पाहुणे मांगून राहिले." मग आवाज खाली आणून, "वरण अळणी हाय माय. भाजीबी. कढी तं पाणीच हाय."

रुख्मिणीनं आपल्या हाताकडं पाहिलं. लहानपणापासून हा हात बोअरच्या, विहिरीच्या पाण्यात रांधत आला होता. पाण्यातच खार, म्हणून मीठ चिमटीभर. तेवढंच लागतं हे हाताला पाठ. डोक्याला विचारायची गरज नव्हती. आज पाणी बदललं आणि हात तोच राहिला. बादल्या लपवल्या, टाकी झाकली, नवऱ्याला सदऱ्यात कोंबलं, आणि हात उघडाच राहिला होता. तिनं मिठाची बरणी किशोरला दिली. बरणीचं झाकण तिच्या हातून खाली पडलं आणि गरगरत पंचफुलाबाईच्या ताटापाशी जाऊन थांबलं.

"बाई," पंचफुलाबाई म्हणाली, "घरात कोनाले मिठाचं पथ्य हाय का?"

प्रश्न साधा होता, आणि त्याला दोन्ही बाजूंनी धार होती. हो म्हणावं तर कोणाला आणि कशाचं, हे पुढं आलंच. सूर्यभान उघडा पडला. नाही म्हणावं तर मग मीठ गेलं कुठं? घर चालवणाऱ्या बाईच्या हातून वरणात मीठ कमी पडेल एक वेळ, वरण, भाजी आणि कढी तिन्हीत कसं पडेल? बाहेर खुशालराव मोठ्यानं हसत होता.

"घाईत राहून गेलं," ती शेवटी म्हणाली.

"कुरडई तं बरोबर झाली."

"ते आधीची हाय."

"हो नं. आधीची हाय, मनून बरोबर हाय." पंचफुलाबाईनं कुरडईचा उरलेला तुकडा ताटात ठेवला. "बोअरच्या पाण्यात चीक शिजवला असन. आजचा सायपाक इकतच्या पाण्यात केला. मीठ मात्र रोजच्याच हातानं टाकलं."

रुख्मिणीनं बैठकीच्या दाराकडं पाहिलं.

"बसा खाली," पंचफुलाबाई म्हणाली. "माहं माहेर पूर्णेच्या पल्याड. नाव सांगून फायदा नाही, तिथं आता कुलपं हायेत. लग्न होऊन शेंदूरजन्याले गेली, पयल्याच दिवशी सासऱ्याच्या ताटात असंच वरण वाढलं होतं मी. सासू म्हणे, माहेरी मीठबी मियत नव्हतं का वं? साऱ्या गावात माहं नाव अळणी पडलं. कितीतरी वर्सं."

"बाई, तुमच्या पाया पडतो, बाहेर बोलजा नोका," रुख्मिणी कुजबुजली. "पोरगा चांगला हाय माहा. त्याच्यात काई खोट नाही."

"पोरात खोट हाय असं म्हणलं का मी?"

"जमलं तं तो राहीन अथीच. नाही तं जाते तो."

"अन् आमची पोट्टी आली का तिनं हेच प्यावं."

रुख्मिणीनं पडलेलं झाकण उचललं.

"ऐकलं, तुमाले पोरगीबी हाय. कुठी देल्ली?"

"अमरावतीले. प्रणाली. राजापेठकडं राहते."

"तिची सोयरीक करताना काय इचारलं होतं तुमी?"

रुख्मिणीला उत्तर द्यायची गरजच नव्हती. तिला तो दिवस जसाच्या तसा आठवत होता. मुलाचा पगार विचारायच्या आधी, त्याचं शिक्षण विचारायच्या आधी, ती न्हाणीत हात धुवायच्या निमित्तानं गेली होती, नळ सोडला होता आणि ओंजळभर पाणी तोंडात घेऊन पाहिलं होतं. गोडं लागलं तेव्हा बाहेर येऊन नवऱ्याला मान हलवली होती. प्रणालीचं लग्न त्या ओंजळीवर ठरलं होतं.

"मंग?" पंचफुलाबाई म्हणाली. "मी किसनले नाही सांगत. तुमी सांगा मले. तुमी असत्या माह्या जागी, तं देल्ली असती का पोट्टी या घरात?"

रुख्मिणीला ती बाई त्या घडीला कसाई वाटली. ओरडावं वाटलं, की तुम्ही सगळ्या इथून पळालात म्हणून आमच्या वाट्याला हे आलं. एकेकीनं पाय काढला, एकेकानं कुलूप घातलं, आणि मागं राहिलेल्यांनी चोरासारखं पाणी झाकून सोयरे बोलवायचे! पण बोलणार कुणाला? तिनंही आपली पोरगी बाहेरच दिली होती.

"नाही," ती म्हणाली. "नसती देल्ली."

तेवढ्यात किशोर परत आत आला. त्याचा चेहरा उतरलेला. "माय, बाबानं रस घेतला. वाटीभर."

"खुशालभाऊ काय करून राहिले मंग?"

"ते सोताच तिसरी वाटी हाणून राहिले."

बाहेरून किसनरावांचा आवाज आला. "असं नाही चालत इवाई! एका वाटीवर कोनी उठते का? हे घ्या, माह्या हातानं. माहा मान ठेवा." आणि मग सूर्यभानचं हसणं, अवघडलेलं. "बरं, आना. तुमचं मन मोडत नाही."

मन मोडत नाही! हा माणूस असाच. पोराच्या सोयरिकीसाठी विषाची वाटी पिईल आणि वर मिशी पुसेल. रुख्मिणी उठली. डोक्यावरचा पदर कुठं गेला याचं भान तिला नव्हतं. मुलीच्या बापासमोर मुलाच्या आईनं असं बाहेर येऊन बोलायची रीत त्या घरात नव्हती. ती बैठकीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. किसनराव वाकून वाटी सूर्यभानच्या ताटात ठेवत होते.

"त्याइले नका देऊ," ती म्हणाली.

सगळे वर पाहू लागले.

"अवं, घेऊ दे नं बाई, सणासुदीचं..." खुशालरावानं डोळे मोठे करून इशारा केला.

"त्याइले रस चालत नाही. किडन्या गेल्या त्याइच्या. सोमवार-गुरुवार अकोल्याले नेतो. तो सदरा काढा तुमी, उकडून मरसान." ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. "अन् पाणी खारं हाय गावाचं. तुमी आज पेले ते इकतचं हाय. नळ हाय, पण त्याले पाणी नाही. टाकीवरचं गोनपाट काढून पाहा. वरणात मीठ नव्हतं ते त्याच्याच पायी. बस. आता काई नाही राहिलं सांगाचं."

सूर्यभाननं मान खाली घातली. मग एकेक बटण काढून डावी बाही वर केली. ती शीर किसनरावांनी पाहिली आणि हातातली वाटी हळूच मागं घेतली.

"माह्या हातून..." ते म्हणाले. "बापा! मी मारलाच असता नं माणूस."

पंचफुलाबाई दारात येऊन उभी राहिली होती. किसनराव जेवण अर्धं टाकून उठले, अंगणात गेले. किशोर कॅनच्या पाण्याचा तांब्या घेऊन मागं धावला, पण त्यांनी तो घेतला नाही. गोणपाट बाजूला सारून टाकीत हात घातला, चूळ भरली. थुंकायला गेले आणि गिळून टाकलं. परक्याच्या अंगणात थुंकावं कसं म्हणून असेल, किंवा आणखी कशासाठी असेल, कोण जाणे.

"कळवतो," एवढंच म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. कळवतो म्हणजे काय, ते धामणखुर्दच्या प्रत्येक घराला ठाऊक होतं.

गाडी वळताच खुशालराव सुटला. "झालं? झाली का हौस पुरी? सोन्यासारखं घर आणलं होतं मी! इवाई म्हणत होता माणूस, इवाई! एक वाटी रसानं काय झालं असतं?"

"तुमाले तीन वाट्याइनं काई झालं नाही, मनून तसं वाटते तुमाले," सूर्यभान म्हणाला.

खुशालराव चपला अडकवून निघून गेला. रुख्मिणीनं किशोरला डायलिसिसच्या दवाखान्यात फोन लावायला लावला. तिकडून सांगितलं, छातीत घाबरलं, हातपाय ढिले पडले तर आत्ता आणा, नाही तर उद्या सकाळी पहिल्या पाळीत. मग ती सूर्यभानजवळून हलली नाही. बोटं हलवा म्हणे, पाय उचला म्हणे. तो चिडला, "काय कवायत लावली!" तरी हलवून दाखवी.

दिवस कलता कलता किशोर ओसरीवर येऊन बसला. बराच वेळ काड्या मोडत होता.

"माय, माधवीले माहीत होतं."

"काय?"

"समदं. बाबाचं, पाण्याचं. मी फोनवर सांगतलं होतं, महिना झाला. माधवी म्हणे, तू अमरावतीले येत असशील तं मी घरी काई बोलत नाही. बडनेऱ्याकडं एक खोली पाहून ठेवली मी. बियाण्याच्या कंपनीत कामबी बोललो."

रुख्मिणी त्याच्याकडं पाहतच राहिली. पहाटेपासूनच्या कॅना, बादल्या, गोणपाट, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. पोराला इथं ठेवायसाठी तिनं सगळं केलं होतं, आणि पोरगा जायची खोली पाहून आला होता. लग्न होवो की मोडो, जायचं ठरलेलंच होतं.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू एवढ्या कॅना भरून राहिली होती. तुले कसं सांगू?"

"अन् बाबाचं काय? सोमवार, गुरवार?"

"तुमीबी चाला नं. तथीबी मशिनी हायेत."

"अन् वावर?" आतून सूर्यभानचा आवाज आला. तो झोपला नव्हता. "वावर काय पोत्यात भरून नेतं?"

किशोरनं हातातली काडी मोडली. बारा एकर मक्त्यानं द्यायचं आणि वर्षातून दोनदा पाहुण्यासारखं बांधावर येऊन उभं राहायचं, हे उत्तर गावातल्या अर्ध्या घरांनी शोधलं होतं. त्याला उत्तर म्हणत असतील तर म्हणोत.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी सूर्यभान अकोल्याला मशीनवर चढला. जिवंत पोचला, एवढेच उपकार रुख्मिणीनं त्या दिवशी देवाचे मानले. एरवी ती येत नसे. आज एसटीनं आली होती. बाहेरच्या बाकावर तिच्या डाव्या-उजव्या अंगाला बायाच बसल्या होत्या, एक दर्यापूर भागातली, एक तेल्हाऱ्याकडची, एक मूर्तिजापूरची. गावं वेगळी, पट्टा तोच. कोणी कोणाला विचारत नव्हतं की काय झालं. आत नवरे होते, एकीचा पोरगा होता.

मोबाईल वाजला. किशोरनं तिच्या हातात दिला. "शेंदूरजनाघाट," तो म्हणाला आणि लांब जाऊन उभा राहिला.

"पंचफुला बोलतो," पलीकडून आवाज आला. "इवाई कसे हायेत?"

"मशीनवर हायेत. बरे हायेत."

"बरं झालं. किसन रस्ताभर शिव्या देत आला. खुशालरावाले देल्ल्या, तुमाले देल्ल्या, मलेबी देल्ल्या, तुले कळलं होतं तं बोलली काहून नाही म्हणे. वलगाव आलं तवा चूप झाला. घरी पोचला तं पोट्टी म्हणते, मले समदं ठाऊक होतं. मंग तिले देल्ल्या. आता रुसून बसला हाय, जेवला नाही. पण लग्नाले हो म्हणते तो."

रुख्मिणीनं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"एक हाय पण," पंचफुलाबाई म्हणाली. "पोट्टी धामणखुर्दले नांदणार नाही. बिऱ्हाड अमरावतीतच राहीन."

"माहीत हाय."

"तुमाले चालते का?"

चालते का! रुख्मिणीनं काचेच्या दाराकडं पाहिलं. आत सूर्यभानचा पाय पांघरुणाबाहेर आला होता, सुजलेला. किशोर खिडकीपाशी उभा राहून बापाकडं न पाहता बापाकडंच पाहत होता. तिचं घर या सोयरिकीनं जमत होतं आणि याच सोयरिकीनं उठत होतं. आणि अमरावतीत मशीनवर नंबर लागेल का, कधी लागेल, तोवर इथं कोण आणेल, सूर्यभान वावर सोडून येईल का, की बांधावरच हट्टानं मरेल, यातलं काहीही तिला ठाऊक नव्हतं.

"हो म्हणा त्याइले," ती म्हणाली. "पण बाई, तुमच्या वळखीनं अमरावतीच्या दवाखान्यात जरा इचारा. नंबर लागते का यांचा."

"इचारतो. लय गर्दी हाय तथी, आधीच सांगतो. आपल्याच पट्ट्यातले लोक हायेत समदे."

फोन ठेवायची वेळ झाली होती, पण रुख्मिणीच्या मनात कालपासून एक गोष्ट रुतली होती.

"बाई, एक इचारू?"

"इचारा नं."

"शेंदूरजन्याले गेल्या तुमी. मंग मिठाचा हात बसाले किती दिवस लागले तुमाले?"

पलीकडं कुठंतरी भांड्यात पाण्याची धार पडत असल्याचा आवाज येत होता, गोड्या पाण्याची.

"काय सांगू बाई," ती म्हणाली. "अजूनबी चुकते."